चेसीवरचे आकडे

सोलापुरात सात रस्त्यावरून विजापूर रोडला लागलं, की आरटीओ कार्यालय येईपर्यंत गाडीच्या कागदपत्रांचा धंदा दिसायला लागतो. फॉर्म, झेरॉक्स, विमा, पीयूसी. या गर्दीत एखादा माणूस मोटारसायकलच्या हँडलखाली मान घालून उकिडवा बसलेला असतो. रॉकेलच्या बोळ्यानं तो चेसीचं नाक पुसतो, वर पातळ कागद ताणून धरतो आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी घासतो. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून घासायचो, अगदी तसंच. काळ्या पट्ट्यात हळूहळू पांढरे आकडे उमटतात. याला म्हणतात चेसीचा छाप. आरसी बुकातले आकडे आणि हे आकडे जुळले, तर गाडी तुमची.

माझे जुळले नाहीत.

गाडी वडिलांची, १९६८ सालची बुलेट ३५०. आमचं शेत मंद्रूपच्या बाजूला. पावसाळ्यात तिथली काळी माती चाकाला अशी धरते, की मडगार्ड आणि टायर यांच्यात बोट शिरत नाही. वडिलांनी त्या रस्त्यासाठी गाडीत एकेक बदल केला. पुढचं मडगार्ड वर उचललं, मागचं चेनचक्र जास्त दात्यांचं बसवलं, सायलेन्सर वरच्या अंगानं काढला. मोटारसायकलींच्या पुस्तकात अशा गाडीला ट्रायल्स म्हणतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. चिखलातून न थांबता निघायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

गंमत म्हणजे बुलेटची आजची ओळख लग्नाच्या वरातीची असली, तरी तिचा जन्म असल्याच वाटेवरचा आहे. ‘बुलेट’ हे नाव रॉयल एनफिल्डनं १९३२ मध्ये वापरायला सुरुवात केली. पण आपण जिला बुलेट म्हणतो ती गाडी १९४८ च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये एका ट्रायल्स स्पर्धेत प्रथम दिसली. मागच्या चाकाला चिमटा, म्हणजे स्विंगआर्म, आणि दोन शॉकअप, ही त्या काळी शंका घेण्यासारखी गोष्ट होती. खडकाळ चढावर मागचं चाक चेसीला घट्ट जखडलेलं असावं, तरच पकड मिळते, असा जाणत्यांचा समज होता. एनफिल्डनं उलट दाखवून दिलं. चाक खालीवर हलू दिलं, की ते जमिनीला जास्त वेळ टेकून राहतं. त्याच वर्षी इटलीतल्या सान रेमोच्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या स्पर्धेत या गाड्यांनी सुवर्णपदकं मिळवली. दुकानात विकायला त्या १९४९ मध्ये आल्या. पुढे भारतीय लष्करानं ऑर्डर दिली, १९५३ मध्ये गाड्या आल्या आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. इंग्लंडमधला कारखाना बंद पडला, तरी तिरुवोट्टियूरला तीच गाडी बनत राहिली. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी. गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे खाली.

चेसीबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आमचं सगळं तिथंच अडलं. बुलेटच्या हँडलच्या नळीतून एकच जाड नळी पुढून खाली उतरते आणि इंजिनाच्या समोर संपते. इंजिनाखाली नळी नाही. पुढची नळी आणि मागचा सांगाडा यांच्यामधला पूल म्हणजे खुद्द इंजिनच. पट्ट्या आणि बोल्टांनी ते दोन्हीकडे धरलेलं असतं. बांधणी साधी आणि हलकी. जमिनीपासून उंचीही मिळते. पण इंजिनाचे बोल्ट ढिले असताना गाडी वर्षानुवर्षं हाकली, तर पुलाचा सगळा हिसका पुढच्या नळीला बसतो. वडिलांच्या गाडीला मागं खताची पोती असायची. एका सुगीत हँडलच्या नळीच्या वीतभर खाली केसासारखी चीर दिसली. दोन महिन्यांत तिच्यात नख शिरायला लागलं.

मिस्त्रींनी सोपा उपाय सुचवला. भंगारातून एक चांगली चेसी आणली. चेसीचा आराखडा कित्येक दशकं फारसा बदलला नव्हता, त्यामुळे अर्ध्या दिवसात सगळं सामान तिच्यावर चढलं. कोनसेट नवा, चिमट्याचे बुश नवे. गाडी इतकी सरळ चालायला लागली, की वडील म्हणाले, ‘‘मालक, हिला पुन्हा तरणी केलीत.’’ नंबर कुणी पाहिला नाही. जुनी चेसी गोठ्यात खुंटीला टांगली गेली.

वडील गेल्यावर गाडी माझ्या नावावर करायची आणि नोंदणीचं नूतनीकरण करायचं, म्हणून मी ती विजापूर रोडला नेली. आधीच जुन्या गाडीची कागदपत्रं म्हणजे वेगळं प्रकरण असतं. १९८९ पर्यंत आपल्याकडे तीन अक्षरी नंबर होते. एमएच-१३ ही सोलापूरची ओळख त्यानंतरची. जुन्या नोंदी हातानं लिहिलेल्या वह्यांत आहेत. त्या संगणकावरच्या ‘वाहन’ प्रणालीत चढवण्याच्या कामाला बॅकलॉग म्हणतात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर. हे सगळं माहीत करून, पैसे मोजून मी गेलो होतो. छाप घेतला. निरीक्षकांनी कागद आरसी बुकाशेजारी ठेवला, बोटानं एकेक आकडा पाहिला आणि शांतपणे म्हणाले, ‘‘ही गाडी ही नाही.’’

तेव्हा राग आला. इंजिन तेच, टाकी तीच, टाकीवरचा वडिलांच्या गुडघ्यानं पडलेला पोचा तोच. मग गाडी दुसरी कशी? घरी येऊन कायदा वाचला आणि राग ओसरला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकानं सांगितलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकानं करायचा नाही. इंजिन बदलायचं तरी नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं के. जयचंद्र खटल्यात हेच ठणकावून सांगितलं. आणि यामागचं कारण कागदी नाही. चोरलेली गाडी विकायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तिचे सुटे भाग दुसऱ्या गाडीच्या कागदांवर चढवणं. टाकी, दिवा, चाकं यांना नाव नसतं. नाव असतं चेसीला आणि इंजिनाला. त्यातही इंजिन रीतसर बदलता येतं. म्हणून शेवटी गाडीची ओळख उरते ती हँडलखालच्या दोन इंचांवर. भंगारातल्या ज्या चेसीवर आम्ही इतकी वर्षं बसलो, ती कुणाच्या अंगणातून गेली होती, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

एकानं मला दुसरा रस्ताही सुचवला. ‘‘नंबर घासू, तुमचा पंच करू. पाचशेचं काम.’’ हे काम किती ठिकाणी होतं ते मी पाहिलं आहे, आणि जुन्या गाड्यांवर माया असणाऱ्यांनीच या गोष्टीचा सगळ्यात जास्त तिटकारा करायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. घासलेल्या जागी धातू पातळ होतो, रंगाखाली ती जागा वेगळीच चमकते आणि हातानं ठोकलेले आकडे एका ओळीत बसत नाहीत. सरावलेल्या नजरेला ते लगेच कळतं. मग तुमच्या वडिलांची अस्सल गाडीही कायमची संशयित होते. गंजानं आकडे पुसट झाले असतील, तर हत्यार हातात घेण्याआधी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. पुढे काय करायचं ते त्यांना ठरवू द्यावं.

मग वाटलं, गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे, तर व्हिंटेज म्हणून नोंदवावी. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं त्यासाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणजे बदललेल्या चेसीवरची गाडी तिथंही बाहेरच. शिवाय ही नोंदणी रोजच्या वापरासाठी नाहीच. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच अशी गाडी रस्त्यावर आणता येते. दिवाणखान्यातल्या गाडीला हे ठीक आहे. पण जिच्या चिमट्यात अजून मंद्रूपची माती आहे, तिचं तिथं काय काम?

या नियमात एक फट राहिली आहे, असं मला मनापासून वाटतं. चोरीचा माल आणि मोडलेल्या चेसीच्या जागी पावतीसह बसवलेली, उत्पादकाच्याच बनावटीची नवी चेसी, या दोघांना एकाच तागडीत तोलू नये. ब्रिटनमध्ये कित्येक वर्षं गुणांची पद्धत होती. मूळ किंवा उत्पादकाकडूनच आलेल्या नव्या चेसीला पाच गुण, बाकी भागांना कमी, आणि एकूण आठ भरले तर गाडीचा जुना नंबर टिकायचा. जुनी वापरलेली चेसी लावली, तर ‘क्यू’नं सुरू होणारी वेगळी पाटी मिळायची, म्हणजे या गाडीचं वय सांगता येत नाही अशी जाहीर कबुली. गाडी रस्त्यावर यायची आणि खोटंही बोलावं लागायचं नाही. आपल्याकडे जुन्या गाड्या निगुतीनं उभ्या करणारे मिस्त्री गावोगाव आहेत. त्यांना चोरबाजाराशी न जोडता असं एखादं प्रामाणिक दार उघडून द्यायला काय हरकत आहे?

ते दार नाही, म्हणून मी गोठ्यात गेलो. खुंटीवरची चेसी पाखरांच्या विष्ठेनं पांढरी झाली होती. हँडलच्या नळीवर बोटभर वंगण सुकून दगड झालं होतं, आणि त्या वंगणानंच आकडे राखले होते. रॉकेलात भिजवून ते सोडवलं, तेव्हा एकेक अंक कारखान्यातून ठोकल्यासारखा उमटला. सोलापुरातले एक वयस्कर मिस्त्री, सगळे त्यांना चाचा म्हणतात, ती चेसी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, ‘‘डोकं शाबूत हाय. मान तुटलीय. मान जोडता येते.’’

त्यांनी पुढची नळी चिरेच्या वर आणि खाली कापली. आत बसणारी जाड नळीची गुल्ली घातली, वरून नवा तुकडा चढवला आणि सांधा थोडा थोडा तापवत, मधे थांबत भरला. एकदम खूप आच दिली, तर चिरेची जागा वाचते आणि तिच्या शेजारची नळी कच्ची होते, हे त्यांनी मला दोनदा समजावलं. आधी आणि नंतर हँडलच्या नळीतून आणि चिमट्याच्या भोकातून सळया घालून दोन्हींचा काटकोन पाहिला. एक केसभर फरक होता. तो काढायला त्यांनी आख्खी दुपार घेतली. नंबरच्या जागेला मात्र त्यांनी ओलं फडकं गुंडाळून ठेवलं होतं, आच तिथवर जाऊ नये म्हणून. मी न सांगता.

कापण्याआधीचे, जोडताना आणि जोडल्यावरचे फोटो, नळीची पावती, चाचांच्या सहीचा कागद, सगळं घेऊन मी पुन्हा गेलो. दुरुस्ती केली आहे, चेसी बदललेली नाही, असं अर्जात लिहिलं. मधल्या वर्षांत दुसरी चेसी होती, हेही लिहिलं. पुन्हा पेन्सिल, पुन्हा कागद. निरीक्षकांनी या वेळी खाली वाकून जोड पाहिला, मग छाप आणि वडिलांच्या काळचं, पान सुटलेलं आरसी बुक शेजारी ठेवून आकडे मोठ्यानं वाचले. शेवटचा आकडा सात. तो बुकात शाईनं थोडा फराटला आहे, पण सातच आहे.

परतताना सात रस्त्याला सिग्नलवर थांबलो. तिच्या टकटक आवाजानं शेजारच्या रिक्षावाल्यानं मान वळवली. ‘‘किती सालची बे?’’ सांगितल्यावर त्यानं टाकीवर हात फिरवला, त्या पोच्यावरून.

दुसरी चेसी आता गोठ्यात त्याच खुंटीला आहे. भंगारवाल्यानं दोनदा मागितली. तिच्यावरचा छाप मी स्वतः घेतला, आकडे कागदावर लिहिले आणि त्या आकड्यांची गाडी कुणाच्या नावावर होती, ते शोधावं म्हणून अर्ज दिला. उत्तर आलेलं नाही. अर्जाची पोच वडिलांच्या आरसी बुकात, शेवटच्या पानाशी ठेवली आहे.