उमऱ्याच्या जाहिरातींना आवर कसा घालावा?

रजबचा चांद दिसला की आपल्या घरांतले फोन जास्तच वाजू लागतात. 'रमजान उमरा, मोजक्याच जागा शिल्लक', 'आखरी अशरा हरममध्ये', 'हॉटेलपासून हरम चालत पाच मिनिटे, देशी जेवण, मौलाना सोबत'. सकाळी एसएमएस, दुपारी फोन, रात्री व्हॉट्सअॅपवर रंगीत चित्र. ईद झाली की चार दिवस उसंत मिळते, मग शाळांच्या सुट्टीचे काश्मीर-दुबई सुरू होते. घरात पाच फोन असतील तर एकच जाहिरात पाचदा येते. शिवाय मोहल्ल्याचा गट, खानदानाचा गट आणि मुलांच्या शाळेचा गट आहेतच.

तरुण मुले असले मेसेज न वाचता पुसतात. प्रश्न आहे तो घरातल्या मोठ्यांचा. आमच्या अम्मी ते पुसूच देत नाहीत. "त्यावर काबाशरीफचा फोटो आहे बेटा, कसा पुसायचा?" असे म्हणतात. परिणाम असा, की फोन भरून जातो आणि पुण्याहून नातीने पाठवलेला व्हिडिओ उघडत नाही. अशी अम्मी किंवा दादी बहुतेक घरांत असेल. कंपन्यांनाही हे चांगले ठाऊक आहे. जाहिरातीवर सुटकेसचे चित्र असते तर ती कधीच कचऱ्यात गेली असती. काबाशरीफ, गुंबदे-खिजरा आणि एखादी आयत असली की हात थांबतो. आम्ही आमच्या मस्जिदीच्या इमामसाहेबांना विचारले. ते म्हणाले, फोनमधले चित्र काढून टाकण्यात बेअदबी नाही. माल विकण्यासाठी मुकद्दस चित्र कुठेही कसेही पाठवणाऱ्यांनी खरे तर विचार करायला हवा. हे उत्तर अम्मींना पटले, आणि निम्मे काम तिथेच झाले.

'एवढे काय त्यात, नको असेल तर वाचू नका' असे काही जण म्हणतील. पण या ढिगाखाली खरे निरोप गाडले जातात. आमच्या मोहल्ल्यातल्या एका बुजुर्ग जोडप्याचे नाव हजच्या प्रतीक्षा यादीत होते. यादी वर सरकली, त्यांचा नंबर लागला आणि पैसे भरण्याची मुदत कळवणारा मेसेज आला. तो आला त्याच दिवशी टूरवाल्यांचे इतके मेसेज आले होते, की हाही त्यातलाच समजून राहून गेला. मुदतीला चार दिवस उरले असताना नातवाने सहज फोन चाळला म्हणून कळले. मग बँकेत धावपळ, मुदतठेव मोडणे, सगळे झाले आणि अल्लाहच्या करमाने दोघे हजला जाऊन आले. चार दिवस आणखी गेले असते तर जागा पुढच्या नावाकडे गेली असती.

दुसरा धोका पैशांचा आहे. उमऱ्याची तमन्ना ज्यांच्या मनात वीस-वीस वर्षे आहे, त्यांच्यासमोर कोणी रोज दरवाजा उघडून दाखवला तर तर्क मागे पडतो. पेन्शनीचे, शेत विकल्याचे, मुलीने आखातातून पाठवलेले पैसे एका फोनवर एखाद्याच्या खात्यात जातात. चांगल्या, वर्षानुवर्षे इमानाने काम करणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्यांच्यामुळे लाखो लोकांची जियारत सुकर झाली, हेही तितकेच खरे. पण मेसेजच्या गर्दीत खरी कंपनी आणि कालच सिमकार्ड घेतलेला भामटा सारखेच दिसतात. भामट्याचा मेसेज बहुधा जास्त देखणा असतो.

आपला नंबर यांच्याकडे जातो कसा? बहुतेक वेळा तो आपणच देतो. इफ्तार पार्टीत किंवा प्रदर्शनात 'एक उमरा मोफत, लकी ड्रॉ'ची चिठ्ठी असते. तिच्यावर नाव, वय, मोबाइल आणि 'पासपोर्ट आहे का?' असे चार रकाने असतात. ड्रॉ कोणाला लागला हे सहसा कळत नाही, चिठ्ठ्यांची वही मात्र फिरत राहते. फेसबुकवर एखाद्या जाहिरातीखाली 'किती खर्च येईल?' असे विचारले तरी नंबर गेला. मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप गटात सर्वांचे नंबर सर्वांना दिसतात. तिथे एक एजंट शिरला की दोनशे घरे त्याच्या हाती लागतात.

सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याचे आदाब सांगितले आहेत: आधी इजाजत घ्या, सलाम करा, आणि परत जा म्हटले तर परत जा. तीन वेळा इजाजत मागून जबाब आला नाही तर परत फिरावे, अशी हदीसही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. फोन आता घराचा दरवाजाच झाला आहे, किंबहुना उशीपर्यंत पोहोचणारा दरवाजा. अल्लाहच्या घराची दावत देतो म्हणणाऱ्या माणसाने आपल्या घराचे हे आदाब पाळू नयेत, याचे आम्हाला नवल वाटते. इजाजत मागायची नाही, नको म्हटले तरी तीसदा यायचे आणि वर 'सवाब का काम है' म्हणायचे. आपणही भिडेपोटी गप्प बसतो, कारण मजहबी गोष्टीला नाही म्हणायचे कसे?

तर नाही म्हणता येते, आणि त्यासाठी सरकारी सोयही आहे. एसएमएस आणि कॉलसाठी १९०९ हा क्रमांक आहे. त्यावर फोन करून जाहिराती बंद करण्याची मागणी नोंदवता येते, किंवा 'ट्राय'चे डीएनडी नावाचे अॅप फोनमध्ये घेता येते. सगळ्या जाहिराती बंद करता येतात, किंवा ठरावीक विषयांच्याही; पर्यटनाचा वर्ग वेगळा आहे, त्याचा क्रमांक ७. बँकेचे व्यवहाराचे मेसेज किंवा ओटीपी याने बंद होत नाहीत, ही भीती अनेकांना असते, ती काढून टाकावी. २०२५ पासून एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर येते: जाहिरात असेल तर पी, सेवेचा मेसेज असेल तर एस, व्यवहाराचा टी आणि सरकारी जी. अम्मींना आम्ही एवढेच शिकवले, की शेवटी 'जी' दिसले तर आम्हाला हाक मारायची आणि 'पी' दिसले तर बेधडक पुसायचे.

पण आपल्याकडचे बरेच एजंट साध्या दहा आकडी मोबाइलवरूनच फोन करतात. असे फोन डीएनडीने थांबत नाहीत, त्यांची तक्रार करावी लागते. तक्रारीसाठी आता सात दिवस मिळतात, पूर्वी तीनच होते. अशा नोंदणी नसलेल्या नंबराची तक्रार करायला आपले नाव आधी डीएनडीत असण्याचीही गरज नाही. आणि दहा दिवसांत एका नंबराविरुद्ध पाच तक्रारी झाल्या की मोबाइल कंपनीला कारवाई सुरू करावी लागते. पाचच! एका गल्लीतली पाच घरे मिळून हे करू शकतात. आपण मात्र फोन आदळतो, चार शब्द ऐकवतो आणि विसरतो.

व्हॉट्सअॅपला १९०९ लागू पडत नाही, तिथे आपल्यालाच दार लावावे लागते. सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन 'ग्रुप्स'पुढे 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडले की अनोळखी माणूस आपल्याला परस्पर गटात ओढू शकत नाही. अनोळखी कॉल गप्प करण्याची सोयही तिथेच आहे. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणे बंद केले की फोन भरत नाही. नको असलेल्या नंबराला ब्लॉक करताना 'रिपोर्ट'ही करावे. ज्या मेसेजमागे फसवणुकीचा वास येतो, त्याची खबर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी'वरील 'चक्षू' सुविधेत देता येते. उमऱ्याचे माहितीपत्रक म्हणून आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर तिला हात लावू नये. ते पत्रक नसून अॅप असते, आणि ते फोनमधले ओटीपी वाचू शकते.

ई-मेलचे थोडक्यात. ओळखीच्या, खऱ्या कंपनीचा मेल असेल तर 'अनसबस्क्राइब' दाबावे. २०२४ पासून मोठ्या संख्येने जाहिराती पाठवणाऱ्यांना जीमेल आणि याहूने ही सोय एका क्लिकमध्ये देणे बंधनकारक केले आहे. कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा असेल तर त्यातल्या कुठल्याच दुव्यावर बोट न ठेवता सरळ स्पॅममध्ये टाकावा.

सर्वांत अवघड काम नातेवाइकांचे. दहा-पंधरा माणसे जमवली की एकाचा उमरा मोफत, अशी बोली अनेक ठिकाणी चालते. मग भाचा, जावई, जुने सहकारी, मदरशातले उस्ताद असे सगळेच जाहिराती पुढे ढकलू लागतात. त्यांना ब्लॉक कसे करणार? आमच्या शाळेच्या पालकगटात हेच झाले. गृहपाठाची सूचना शोधायला पालकांना सात पॅकेजे ओलांडून वर जावे लागे. शेवटी त्या गटात फक्त शिक्षकच लिहू शकतील अशी व्यवस्था केली. दोन-तीन पालक रुसले, महिन्याभरात विसरले. नात्यातल्या माणसाला आम्ही एवढेच म्हणतो, "मामू, आम्ही जाऊ तेव्हा तुम्हालाच पहिला फोन करू, तोवर पाठवू नका." बहुतेक जण समजून घेतात. मोफत जाणाऱ्याने ते लपवू नये, असे मात्र आम्हाला वाटते. सोबत येणाऱ्यांना ते माहीत असण्याचा हक्क आहे.

मग जायचेच असेल तेव्हा काय? जाहिरातीमागे जाऊ नये, आपण शोधत जावे. हज कमिटी ऑफ इंडिया उमरा घडवत नाही, तेव्हा 'हज कमिटीमान्य उमरा' असे कोणी लिहिले तर तिथेच थांबावे. खासगी कंपनीतर्फे हज करायचा असेल तर अल्पसंख्याक मंत्रालयाने मान्यता दिलेल्या कंपन्यांची त्या वर्षाची यादी पाहावी, गेल्या वर्षीची नको. २०२५ मध्ये भारताच्या १,७५,०२५ जागांपैकी ५२,५०७ खासगी कोट्यात होत्या. सौदी वेळापत्रकातली कामे मुदतीत न झाल्याने त्यांतल्या बहुतेक हातच्या गेल्या आणि नंतर दहा हजारांपुरतेच पोर्टल पुन्हा उघडले. पैसे भरून बसलेल्या कुटुंबांचे काय झाले असेल, याची कल्पना करावी.

'व्हिजिट व्हिसावर हज, रांग नाही, लॉटरी नाही' हा मेसेज तर सर्वांत वाईट. तो व्हिसा हजसाठी चालत नाही. २०२४ च्या हजमध्ये उष्म्याने १,३०१ जणांचा इंतकाल झाला आणि त्यांपैकी ८३ टक्के परवान्याशिवाय आलेले होते, असे सौदी सरकारने जाहीर केले. परवाना नाही म्हणजे तंबू नाही, बस नाही, सावली नाही. ज्याने तो मेसेज पाठवला तो आपल्या दुकानात पंख्याखाली बसलेला असतो.

उमऱ्याच्या पॅकेजसाठी पैसे देण्यापूर्वी कार्यालयात स्वतः जावे, हॉटेलचे नाव लेखी घ्यावे आणि अंतर नकाशावर स्वतः मोजावे. 'पाच मिनिटे' कोणाच्या पायांनी, हे विचारावे; गुडघे दुखणाऱ्या सत्तर वर्षांच्या बाईला तेच अंतर अर्ध्या तासाचे होते. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस कापावा लागतो, त्यासाठी कंपनी पॅन मागते आणि पक्के बिल देते. जो बिल नको म्हणतो, रोखच मागतो किंवा कुणा तिसऱ्याच्याच खात्यात पैसे टाकायला सांगतो, त्याच्या दाढीकडे आणि तसबीहकडे पाहून भुलू नये. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करावा. जितका उशीर, तितके ते परत मिळणे कठीण.

आणि हजचा पुढचा फॉर्म भरताना एक गोष्ट जरूर करावी. मोबाइल क्रमांक घरातल्या अशा माणसाचा द्यावा, जो रोज आपले मेसेज वाचतो आणि ज्याने कुठल्याही लकी ड्रॉची चिठ्ठी भरलेली नाही. बहुतेक घरांत ती कॉलेजात जाणारी मुलगी असते.