पाच दिवसांच्या अलीकडे आणि पलीकडे : हैदराबाद, १९४८

मागील लेखात योहान गाल्टुंग यांची नकारात्मक शांतता, म्हणजे केवळ प्रत्यक्ष हिंसेचा अभाव, आणि सकारात्मक शांतता, म्हणजे अन्यायकारक समाजरचनेचेही निवारण, ही मांडणी पाहिली. मात्र प्रत्यक्ष हिंसा मोजावी कशी, हा प्रश्न त्याहून आधीचा आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या नोंदपद्धतीनुसार, सत्ता किंवा भूभागावरून दोन पक्षांनी शस्त्रे उचलली, त्यांपैकी किमान एक पक्ष राज्यसंस्था असला आणि वर्षभरात लढाईत किमान २५ मृत्यू झाले, तर तो सशस्त्र संघर्ष ठरतो. हा आकडा १,००० वर गेला की त्याला युद्ध म्हटले जाते.

ही मोजपट्टी तेव्हा हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्याला लावली, तर १३ ते १७ सप्टेंबर १९४८ हे पाच दिवस तिच्यात सहज बसतात. भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात शिरले, औरंगाबाद दुसऱ्याच दिवशी ताब्यात आले आणि निजामाने शरणागती पत्करली. परंतु लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखाली निजामसमर्थक रझाकारांनी आधीचे कित्येक महिने गावोगावी केलेले अत्याचार, आणि शरणागतीनंतर मुस्लीम वस्त्यांवर झालेले सूडाचे हल्ले, यांतील बहुतेक मृत्यू 'लढाईतील' नसल्याने या गणनेबाहेर राहतात, आणि खरी मनुष्यहानी तर तेथेच आहे.

ती शोधण्याची दुसरी पद्धत, म्हणजे प्रत्यक्ष गावात जाऊन साक्षी नोंदवण्याची, त्याच वर्षी वापरली गेली. भारत सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर या काळात राज्यातील १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले आणि ज्या १०९ गावांना जाणे जमले नाही, तेथील पाचशेहून अधिक माणसांचीही त्यांनी विचारपूस केली. त्यांच्या अंदाजानुसार कारवाईच्या काळात व त्यानंतर संपूर्ण राज्यात किमान २७,००० ते ४०,००० लोक मृत्युमुखी पडले. उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली. या आकड्यांवर वाद होऊ शकतो, कारण तीन आठवड्यांच्या दौऱ्यात शिरगणती होत नसते. पण या तिघांच्या समितीचा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिल्याने तो वादही वेळेवर झाला नाही.

दरम्यान मराठीत मुक्तिसंग्रामाचे लेखन विपुल झाले आणि अनंत भालेराव यांच्या ग्रंथासारखे मोलाचे काम उभे राहिले. सप्टेंबरनंतरच्या हिंसेला मात्र मराठवाड्याच्या सार्वजनिक स्मृतीत फारशी जागा मिळाली नाही. रझाकारांची आणि शरणागतीनंतरची अशा दोन्ही हिंसा एकाच अभ्यासात आणल्याने एकीचे समर्थन होते, ही भीती अनाठायी आहे. ग्रीसमधील यादवीच्या अभ्यासावरून स्टाथिस कालिवास यांनी २००६ मध्ये दाखवले, की मोठ्या राजकीय संघर्षाच्या आडोशाने गावातील जमिनीचे तंटे आणि जुनी वैरे चुकती केली जातात. म्हणून प्रत्येक हत्येचे कारण केवळ राजधानीतील वादात शोधणे अपुरे ठरते.

शांततेच्या अभ्यासाला मात्र सुंदरलाल समितीच्या अहवालातील एक वेगळी नोंद अधिक उपयोगी आहे. अनेक ठिकाणी हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुस्लीम कुटुंबांना वाचवले आणि ही आपुलकी समव्यावसायिकांत विशेष दिसली. हिंदू विणकरांनी मुस्लीम विणकरांचे रक्षण केले, त्यात काहींना प्राण गमवावे लागले. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये भारतातील सहा शहरांची जोडीजोडीने तुलना करून मांडलेला निष्कर्ष, की दोन समाजांना एकत्र बांधणाऱ्या संघटना आणि व्यवसाय असतील तेथे दंगल पसरणे कठीण जाते, या नोंदीशी जुळतो. तथापि समितीचा दौरा हानीच्या चौकशीसाठी होता, त्यामुळे जेथे काहीच घडले नाही अशी गावे तिच्या वाटेवर येण्याचे कारण नव्हते. आणि वार्ष्णेय यांच्या पद्धतीने तुलना करायची, तर शेजारच्या त्या शांत गावांची माहिती हाताशी असल्याशिवाय ती सुरूच होत नाही.