युरोपच्या बँकेत कोणाचा किती वाटा

युरोपीय मध्यवर्ती बँक कोणत्याही सरकारच्या मालकीची नाही. जून 1998 मध्ये फ्रँकफर्टला स्थापन झालेल्या या बँकेचे भागधारक म्हणजे युरोपीय संघातील देशांच्या मध्यवर्ती बँका. दुसऱ्या कोणालाही तिच्या भांडवलात शिरता येत नाही. हे भांडवल आज सुमारे 10.8 अब्ज युरो आहे.

कोणाचा वाटा किती, हे देशाची लोकसंख्या आणि सकल देशांतर्गत उत्पादन यांवरून ठरते. दोन्हींना सारखेच वजन. दर पाच वर्षांनी हिशेब नव्याने मांडतात. 2024 मध्ये जर्मनीच्या बुंडेसबँकेच्या वाट्याला जवळपास 21.8 टक्के आले, फ्रान्सच्या 16.4, तर माल्टाच्या जेमतेम 0.1.

युरो न वापरणारे देशही यात आहेत. त्यांच्या बँका आपल्या वाट्याचे फक्त 3.75 टक्के भरतात, तेही कामकाजाच्या खर्चापोटी. त्यांना नफ्यात हक्क नाही आणि तोट्याची झळही नाही. क्रोएशियाने जानेवारी 2023 मध्ये युरो स्वीकारला, तेव्हा तिथल्या बँकेला उरलेले 96.25 टक्के भरावे लागले. शिवाय गंगाजळीतला हिस्साही द्यावा लागतो. 1999 च्या आरंभी पहिल्या अकरा बँकांनी 39.46 अब्ज युरोंचा ऐवज सोपवला: 15 टक्के सोने, बाकी डॉलर आणि येन. हे अर्थातच दान नव्हते. त्या रकमेचे येणे त्यांच्या नावे मांडले गेले आणि त्यावर व्याज सुरू झाले. सोन्याचा भाग तेवढा बिनव्याजी.

इतके भरूनही व्याजदर ठरवताना मोठ्या भागधारकाचे मत जड होत नाही. नियामक मंडळात एका सदस्याला एकच मत असते. 2015 पासून तर पाळी लागते: पाच मोठ्या देशांच्या गव्हर्नरांत मिळून चार मते. त्यामुळे सर्वांत जास्त पैसा घालणाऱ्या बुंडेसबँकेच्या अध्यक्षांनाही अधूनमधून नुसते बोलून गप्प बसावे लागते. भांडवल, गंगाजळी, नफावाटप असे विषय निघाले, की मात्र मते वाट्याप्रमाणे मोजतात.

नफ्यातले जास्तीत जास्त 20 टक्के राखीव निधीत जातात, उरलेले भरलेल्या भांडवलाच्या प्रमाणात वाटतात. 2022 नंतर व्याजदर चढले आणि हे गणित बिघडले. जुन्या रोख्यांवरची मिळकत तुटपुंजी, देण्यांवरचे व्याज मात्र वाढलेले. 2023 मध्ये सुमारे 1.3 अब्ज आणि 2024 मध्ये 7.9 अब्ज युरोंचा तोटा झाला. भागधारकांना काही मिळाले नाही, पण त्यांच्याकडे नव्याने पैसेही मागितले गेले नाहीत. तोटा ताळेबंदावर पुढे ओढला, पुढच्या नफ्यातून वळता करण्यासाठी.