भूमिगत रॉकचा इतिहास – लेखांक ८ : फुगाझी

फुगाझी हा अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन डी.सी.मध्ये, १९८७ साली उभा राहिलेला चौघांचा बँड. इयन मकाय (गिटार व गायन), गाय पिचॉटो (गायन व गिटार), जो लॅली (बेस) आणि ब्रेंडन कँटी (ड्रम) हे ते चौघे. पंधरा वर्षांत त्यांनी सहा अल्बम काढले आणि हजाराहून अधिक मैफली केल्या. एवढ्या काळात त्यांनी व्यवस्थापक नेमला नाही, कोणत्याही बड्या कंपनीशी करार केला नाही आणि आपल्या नावाचे टी-शर्टही विकले नाहीत. हार्डकोर पंकमधून निघालेला जो प्रवाह पुढे पोस्ट-हार्डकोर म्हणून ओळखला जाऊ लागला, त्याचा पाया घालणाऱ्यांत फुगाझीची गणना होते. या बँडचे संगीत एका बाजूला आणि व्यवहार दुसऱ्या बाजूला अशी वाटणी मात्र करता येत नाही.

पार्श्वभूमी

१९८० च्या सुमारास वॉशिंग्टनमधील शाळकरी मुलांनी पंकचा वेग आणखी वाढवला. मिनिट-दीड मिनिटाची गाणी, तीनचार स्वरमेळ, गाण्यापेक्षा ओरडणे अधिक, असा हा हार्डकोर. मकाय त्यात अगदी आघाडीवर होता. त्याचा ‘टीन आयडल्स’ हा बँड मोडला तेव्हा मैफलींतून साठलेले पैसे वाटून न घेता मुलांनी त्यातून आपली एक तबकडी काढली. ती काढण्यासाठी मकाय आणि त्याचा मित्र जेफ नेल्सन यांनी १९८० साली जी कंपनी काढली, तीच ‘डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स’. पुढे दोघांनी ‘मायनर थ्रेट’ हा बँड काढला. दारू, सिगारेट आणि अमली पदार्थ नाकारणाऱ्या ‘स्ट्रेट एज’ वृत्तीला नाव मिळाले ते याच बँडच्या एका गाण्यावरून. १९८३ मध्ये हा बँडही थांबला.

तोवर हार्डकोरच्या मैफलींना मारामारीचे गालबोट लागले होते. पुढच्या रांगांत धक्काबुक्की चाले, मुली मागे ढकलल्या जात, गाणे ऐकण्यापेक्षा अंगावर उड्या मारण्यासाठी लोक येत. या प्रकाराला कंटाळलेल्या जुन्या मंडळींनी १९८५ च्या उन्हाळ्यापर्यंत नवे बँड उभे केले. तो उन्हाळा ‘रेव्होल्यूशन समर’ म्हणून ओळखला जातो. पिचॉटो आणि कँटी यांचा ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ आणि मकायचा ‘एम्ब्रेस’ हे त्यातले महत्त्वाचे बँड. वेग उतरला, चाली गुंतागुंतीच्या झाल्या, शब्द अधिक आत्मपर झाले. हे बँड वर्ष-दोन वर्षांत विरले, पण फुगाझीची सगळी सामग्री त्यांच्यातूनच आली.

बांधणी

एम्ब्रेसनंतर मकायने बेसवादक लॅलीबरोबर तालीम सुरू केली. थोड्याच काळात कँटी ड्रमवर आला. ३ सप्टेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरमध्ये पहिली मैफल झाली, ती या तिघांचीच. बँडचे नाव व्हिएतनाम युद्धातील अमेरिकी सैनिकांच्या बोलीतले असून मार्क बेकर यांच्या ‘नाम’ या पुस्तकातून घेतलेले आहे. पिचॉटो हळूहळू आत आला. सुरुवातीला तो गिटार वाजवत नसे. हिप-हॉपमध्ये मुख्य गायकाला टोकणारा, उचलून धरणारा जो दुसरा आवाज असतो, ती जागा त्याने घेतली. १९८८ मधील एका व्यायामशाळेतल्या मैफलीची चित्रफीत उपलब्ध आहे. तीत पिचॉटो बास्केटबॉलच्या कड्यात पाय अडकवून उलटा लटकतो आणि तशा स्थितीतच गातो. तो गिटार वाजवू लागल्यावर बँडचा नाद पक्का झाला.

या नादाचा कणा बेस आणि ड्रम. लॅलीवर रेगे आणि डबचा प्रभाव होता. त्याची बेसची ओळ गाण्याला धरून ठेवते आणि दोन्ही गिटारींना मोकळे सोडते. कँटीच्या ड्रमशेजारी एक मोठी घंटा टांगलेली असे आणि मोक्याच्या जागी तिचा टोल पडे. मकायचा आवाज आज्ञा दिल्यासारखा ठाम, पिचॉटोचा ताणलेला आणि वळणे घेणारा. दोघे एकमेकांना छेद देत गातात.

या सगळ्याचा नमुना म्हणून ‘वेटिंग रूम’ हे गाणे ऐकावे. आरंभी एकटा बेस. मग गिटार आणि ड्रम मिळतात. गाणे अंगात भिनू लागते तोच, पहिले अर्धे मिनिट संपायच्या आत, सगळे एकदम थांबते. काही सेकंद पूर्ण शांतता. मग तीच ओळ पुन्हा सुरू होते. हार्डकोरने श्वास घ्यायला जागाच ठेवली नव्हती. फुगाझीने थांबण्यातून ताण निर्माण केला, आणि पोस्ट-हार्डकोरने पुढे हीच युक्ती शेकडो प्रकारे वापरली.

ध्वनिमुद्रणे

पहिली ध्वनिमुद्रिका ‘फुगाझी’ १९८८ साली निघाली. तिच्यात सात गाणी होती. ती आर्लिंग्टन गावातल्या ‘इनर इअर’ या स्टुडिओत मुद्रित झाली. हा स्टुडिओ डॉन झिएंटारा यांनी आपल्या घराच्या तळघरात सुरू केला होता. दुसरी, ‘मार्जिन वॉकर’, युरोपच्या दौऱ्याअखेर लंडनमध्ये जॉन लोडर यांच्याकडे मुद्रित झाली. दोन्ही एकत्र करून १९८९ मध्ये ‘थर्टीन साँग्ज’ निघाली. ‘सजेस्चन’ हे रस्त्यावरच्या छेडछाडीविषयी स्त्रीच्या बाजूने लिहिलेले गाणे तिच्यातच आहे.

‘रिपीटर’ (१९९०) हा पहिला सलग अल्बम. पिचॉटोची गिटार येथे प्रथमच पूर्णपणे रचनेत उतरली. ‘मर्चंडाइज’सारखी गाणी खरेदीच्या हव्यासावर थेट बोट ठेवतात. ‘स्टेडी डाएट ऑफ नथिंग’ (१९९१) बँडने स्वतःच मुद्रित केला. त्याचा आवाज कोरडा आणि आवळलेला आहे.

पुढच्या अल्बमची कथा लांबली. १९९२ मध्ये बँड शिकागोला ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांच्याकडे गेला. तेथील मुद्रण मनासारखे न उतरल्याने बाजूला ठेवले गेले आणि सगळी गाणी इनर इअरमध्ये टेड नाइसली यांच्या देखरेखीखाली पुन्हा मुद्रित झाली. १९९३ मध्ये निघालेला हा ‘इन ऑन द किल टेकर’ त्यांच्या अल्बमांत सर्वांत दणकट मानला जातो. मूळ अमेरिकी रहिवाशांच्या संहाराविषयीचे ‘स्मॉलपॉक्स चँपियन’ आणि चित्रपट दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटीस यांच्यावरचे ‘कॅसाव्हेटीस’ ही गाणी त्यातली.

‘रेड मेडिसिन’पासून (१९९५) बँडने स्टुडिओलाच वाद्य मानले. कुजबुज, तुटक ध्वनी, मध्येच येणारी क्लॅरिनेट, डबसारखी पोकळी हे सारे त्यात आहे. ‘एंड हिट्स’ (१९९८) त्याच वाटेने आणखी पुढे गेला. नावामुळे बँड संपल्याची आवई मात्र उठली. १९९९ मध्ये मकायचा जुना मित्र जेम कोहेन याने दहाएक वर्षांच्या चित्रणातून केलेला ‘इन्स्ट्रुमेंट’ हा माहितीपट आला. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेला ‘द आर्ग्युमेंट’ हा शेवटचा अल्बम. त्यात चेलो आहे, बायकांचे साथीचे आवाज आहेत, दुसरा ड्रमवादक आहे. शहराच्या ‘विकासा’त घराबाहेर काढल्या जाणाऱ्या भाडेकरूंवरचे ‘कॅशआउट’ त्यातलेच. तीव्रता कमी न करता रचना प्रशस्त करणे या अल्बमला साधले, म्हणून अनेक समीक्षक त्याला रिपीटरच्या बरोबरीने किंवा वर ठेवतात.

व्यवहार

फुगाझीच्या मैफलीचे तिकीट साधारण पाच डॉलर असे. शिवाय प्रवेश सर्व वयाच्या श्रोत्यांना असला पाहिजे, ही अट होती. अमेरिकेत रॉकच्या मैफली बहुधा मद्य विकणाऱ्या जागी होतात आणि तिथे अल्पवयीनांना मज्जाव असतो. त्यामुळे बँडला चर्चची सभागृहे, समाजगृहे, व्यायामशाळा शोधाव्या लागत. हे परवडे कसे? दौऱ्याची आखणी मकाय स्वतः फोनवरून करी, प्रवास व्हॅनने होई, सोबत लवाजमा नसे आणि मुक्काम पुष्कळदा ओळखीच्यांच्या घरी असे. खर्च कमी म्हणून तिकीट स्वस्त. तिकीट स्वस्त म्हणून सभागृह भरलेले. वॉशिंग्टनमधील मैफली तर मोफत, मदतनिधीसाठी किंवा निषेधासाठीच होत. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या तोंडावर त्यांनी व्हाइट हाउससमोरच्या लाफाएट पार्कमध्ये वाजवले.

मैफलीत कोणी दांडगाई करू लागला की बँड गाणे थांबवी. मकाय त्या माणसाला नाव न विचारता, पण ‘सर’ म्हणून, समज देई. तरीही ऐकले नाही तर त्याला बाहेर काढून तिकिटाचे पैसे परत देत. त्यासाठी पाच डॉलरची नोट घातलेली पाकिटे आधीच तयार ठेवलेली असत.

१९९१ नंतर ‘निर्वाना’ या बँडच्या यशामुळे बड्या कंपन्या भूमिगत बँडच्या मागे लागल्या. डिस्कॉर्डवरचे ‘जॉबॉक्स’ आणि ‘शडर टू थिंक’ तिकडे गेले. अटलांटिक कंपनीचे संस्थापक अहमेत एर्टेगुन फुगाझीला भेटायला स्वतः आले, तेव्हाही उत्तर नकाराचेच मिळाले. त्यामागे सरळ हिशेब होता. कंपनी आपलीच, मुद्रणाचा खर्च आटोक्यात, विक्री लाखांत. बड्या कंपनीने पैसा दिला असता, पण तिकिटाचा दर आणि जागेची निवड हातातून गेली असती.

विराम आणि दफ्तर

४ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनच्या ‘फोरम’मध्ये फुगाझीची शेवटची मैफल झाली. त्यानंतर बँडने बेमुदत विराम घेतला. बरखास्तीची घोषणा केलेली नाही. मकायने एमी फरिना हिच्यासह ‘द इव्हन्स’ आणि पुढे लॅलीलाही घेऊन ‘कोरिकी’ हे बँड काढले. लॅली आणि कँटी गिटारवादक अँथनी पिरॉगसह ‘द मेस्थेटिक्स’मध्ये वाजवतात.

फुगाझी मैफलीत गाण्यांची यादी ठरवून जात नसे. एकाने सूर छेडला की बाकीचे ओळखून त्या गाण्यात शिरत. त्यामुळे एक मैफल दुसरीसारखी होत नसे. त्यांच्या ध्वनितंत्रज्ञांनी सुरुवातीपासून बहुतेक मैफली टेपवर उतरवून ठेवल्या होत्या. आठशेहून अधिक मैफलींच्या या टेप साफसूफ करून डिस्कॉर्डने डिसेंबर २०११ पासून ‘फुगाझी लाइव्ह सीरीज’ या नावाने खुल्या करायला घेतल्या. प्रत्येक मैफलीची सुचवलेली किंमत पाच डॉलर. एक डॉलरपासून शंभरपर्यंत श्रोत्याने हवी ती द्यावी. १९८८ चे पहिले प्रायोगिक मुद्रण ‘फर्स्ट डेमो’ नावाने २०१४ मध्ये निघाले.

स्वीडनचा ‘रिफ्यूज्ड’, टेक्ससचा ‘अ‍ॅट द ड्राइव्ह-इन’ अशा नंतरच्या अनेक बँडवर फुगाझीची छाप स्पष्ट दिसते. बेसला पुढे आणणे, दोन गिटारींना परस्परविरोधी बोलू देणे आणि शांततेचा वापर हे त्यांचे सांगीतिक देणे. कंपनी, दौरा आणि दर स्वतःच्या हातात ठेवूनही पंधरा वर्षे बँड चालतो, हे त्यांनी हिशेबाने दाखवून दिले. आणि त्याच हातात राहिलेल्या टेपमुळे भूमिगत रॉकमधील इतके भरगच्च दफ्तर आज ऐकणाऱ्यांना खुले आहे. नव्या श्रोत्याने ‘थर्टीन साँग्ज’पासून सुरुवात करावी, मग थेट ‘द आर्ग्युमेंट’ ऐकावा. मधले अंतर पाच अल्बमांनी कसे कापले ते मग आपोआप कळते.

(पुढील लेखांक : लुइव्हिलचा ‘स्लिंट’ आणि १९९१ चा ‘स्पायडरलँड’)