बोल्ट जाम, वीकेण्ड तमाम!

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधले सगळे 'वीकेण्डला माळशेज' करत असतात, तेव्हा मीही त्याच रस्त्याला लागतो. फरक इतकाच, की ते टोकावड्याला चहा-वडापाव घेऊन पुढे वैशाखऱ्याकडे निघतात आणि मी टोकावड्यालाच उतरतो. मामाचं गाव! डिसेंबरातली थंडी, चुलीवरची भाकरी आणि दोन दिवस नो ई-मेल, असा आपला साधा फंडा. यावेळी मात्र मामाच्या अंगणात शिरताना पहिलं दर्शन झालं ते पिकअपखालून बाहेर आलेल्या दोन पायांचं. पाय मामेभावाचे, म्हणजे दादाचे.

"बरं झालं आलास. कपडे बदल, खाली ये," पाय बोलले.

प्रकरण असं होतं. पिकअपच्या डाव्या मागच्या चाकाकडून प्रत्येक खड्ड्याला 'खाड' असा आवाज यायचा. पाट्याचं पुढचं टोक गोल वळवलेलं असतं, त्यात रबरी बुश असतो आणि बुशमधून जाडजूड बोल्ट जाऊन पाटा चॅसीला धरून ठेवतो. बुश खलास झालेला. नवा बुश दादाने मुरबाडहून आणला होता, बोल्टसकट. किंमत म्हणाल तर आपल्या एका पिझ्झाइतकी. पण जुना बोल्ट हलेल तर शपथ! आणि सोमवारी पहाटे भेंडी कल्याणच्या मार्केटला पोचायलाच हवी होती. भेंडी काही थांबत नाही, एका दिवसात जून होते. दुसऱ्याची गाडी भाड्याने घ्यायची तर त्या खेपेचा नफा भाड्यातच जाणार.

गंजाची गंमत

बोल्ट असा का जाम होतो? चार महिने या भागात पाऊस अक्षरशः कोसळतो. गाडी चिखलातून जाते, हौद्यात कधी शेणखत, कधी युरियाच्या गोणी. या खतांचं पाणी म्हणजे लोखंडाचा पक्का दुश्मन. त्यात गंजाचा स्वभाव वाईट. जितकं लोखंड तो खातो, त्याच्या दुपटीहून जास्त जागा तो स्वतः व्यापतो. बुशच्या आत एक लोखंडी नळी असते. नळी आणि बोल्ट यांच्यातली केसाएवढी फट गंजाने ठासून भरली, की दोघांचं लग्न लागलं म्हणून समजा. घटस्फोट अवघड!

रात्रीच आम्ही तेल मारलं. निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-40 मी मोठ्या ऐटीत बॅगेतून काढला. (बाइकच्या चेनसाठी घेतलेला.) याची जन्मकथा भारी आहे. 1953 साली अमेरिकेत सॅन दिएगोमध्ये अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून पाणी हटवणारं रसायन शोधत होते, चाळिसाव्या प्रयत्नात जमलं, म्हणून नावात 40. म्हणजे मूळ काम पाणी हटवायचं. खोल मुरायचं काम पेनिट्रेटिंग ऑइल जास्त चांगलं करतं. मामाने माझ्या डब्याकडे बघितलं, काही न बोलता डिझेलची बाटली आणली आणि चिंधी भिजवून नटाला गुंडाळली. "रातभर पिऊ दे त्याला."

सकाळी मी पाना लावला. खाली उताणा पडून, पाय रोवून, दात-ओठ खाऊन. तो सरकला! मी ओरडलो, "आला आला!" दादा वाकून बघतो तर मी बोल्ट आवळत होतो. हसू नका. नट आपल्याकडे तोंड करून असेल तर घड्याळाच्या उलट फिरवला की सुटतो, पण पलीकडून हात घालून फिरवताना दिशा उलटी वाटते. कॉम्प्युटरवाल्यांचीच होते असं नाही, दादाचीही एकदा झाली होती म्हणे.

गंमत म्हणजे माझी चूक कामाला आली. किंचित आवळणं आणि किंचित सोडणं, हीच जाम नटाची खरी ट्रिक. गंजाचा थर फुटतो, तेल आत शिरतं. मध्येमध्ये नटाच्या कडेवर हातोडीचे ठोके. गोटी मात्र सहा कोनांची हवी. बारा कोनांची घसरली की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग रडायचं. पान्याच्या दांड्याला पाइप घालून दोघांनी ओढल्यावर 'टण्ण' झालं आणि नट सुटला. पार्टी!

पार्टी दोन मिनिटं टिकली. नट निघाला, बोल्ट नाही. फिरवला तर आतली नळीही त्याच्याबरोबर फिरायची, रबर पिळवटून परत जागेवर. घणाने ठोकलं तरी रबर सगळा मार गिळून टाकी. तापवायचं म्हटलं, तर लाल होईपर्यंत तापवलेलं लोखंड फुगतं आणि पकड सुटते हे खरं, पण इथे शेजारी रबर, ब्रेकचा होज आणि थोड्याच अंतरावर डिझेलची टाकी. मामाने सरळ नाही म्हणून सांगितलं.

आता एकच उपाय उरला, कापणे. ब्रॅकेट आणि बुश यांच्या फटीतून, दोन्ही बाजूंनी. दादाने ग्राइंडर आणला, प्लग लावला आणि लाइट गेली. मग काय, हॅक्सॉ!

तेवढ्यात जॅक...

हे वाचून कोणी घरी प्रयोग करणार असेल, तर हा भाग दोनदा वाचा. पाट्यावर भार असताना बोल्ट कापला तर तो भार उडी मारतो. म्हणून चॅसी उचलून धरलेली, अ‍ॅक्सलला दुसरा जॅक, पुढच्या चाकांना दगड. मी म्हटलं, एवढं पुरे. मामाने तरी स्टेपनी ओढत आणून चॅसीखाली आडवी टाकली, वर लाकडाचे दोन ठोकळे. मला वाटलं, म्हातारा उगाच वेळ घालवतोय.

दुसरा कट निम्म्यावर आला होता. माझं डोकं गाडीखाली. जमीन रात्रीच्या दवाने मऊ, आणि जॅकखालची फळी एका बाजूने रुतायला लागली. आवाज काहीच नाही. जॅक हळूच तिरका झाला आणि गाडी खाली आली. दोन बोटं. ठोकळ्यावर टेकली, थांबली.

मी कसा बाहेर आलो ते आठवत नाही. पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मामाने मला पाणी दिलं आणि दादाला एवढंच म्हणाला, "खाली जाड फळी घाल, रुंद." पुढचा कट मामाने स्वतः घेतला, मला खाली जाऊ दिलं नाही.

बाकीचं पटापट झालं. बोल्टचे तुकडे पडले. जुना बुश लांब बोल्ट, मोठी गोटी आणि वॉशर लावून ओढून काढला, नवा तसाच बसवला. नव्या बोल्टच्या डोक्यावर 10.9 छापलं होतं, जुन्यासारखंच. हा ताकदीचा ग्रेड. इथे हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट घालून चालत नाही. आत भरपूर ग्रीस चोपडलं. शेवटचं आवळणं मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावर. लटकत्या पाट्यावरच आवळलं, तर वजन येताच नवं रबर पिळलं जातं आणि वर्षभरात फाटतं.

सोमवारी पहाटे साडेतीनला भेंडीचे क्रेट भरून निघालो. कल्याणला उतरून मी लोकल पकडणार होतो. नखं काळीकुट्ट, हाताला डिझेलचा वास, दहा वाजता क्लायंट मीटिंग. सरळगावच्या स्पीडब्रेकरवर तिघांनीही कान टवकारले. डावीकडून काही नाही. एकदम शांत.

मग उजवीकडून आवाज आला. खाड.

मामाने माझ्याकडे बघितलं. "पुढच्या शनिवारी येशील ना रं?"