बस लागते ती नेमकी कुठे?

दिघा गाव स्टेशन 2024 मध्ये सुरू झालं, म्हणजे ते तुमच्यापेक्षा लहान! तिथून ठाण्याची लोकल पकडलीत की दारापासून लांब उभे राहा, वरची कडी धरा आणि स्वतःच्या पायांकडे बघा. गाडी हलली की ते आपोआप फाकतात. शिकवलं कुणी?

आता घरी लंगडीसारखा एक पाय उचला आणि डोळे मिटा. डुगडुगलात ना? तोल सांभाळायला तिघं राबतात: डोळे, पायांचे स्नायू-सांधे आणि कान. हो, कान! कानात खोलवर तीन वाकड्या नळ्या असतात आणि त्यांत पाण्यासारखा द्रव. डोकं वळलं की तो मागे रेंगाळतो, त्यावरून मेंदूला वळण कळतं. फुगडी थांबली तरी घर फिरत राहतं, कारण तुम्ही थांबलात, नळीतला द्रव नाही.

आता चला माळशेज घाटात. बस वळतेय आणि तुमचं डोकं पुस्तकात. कान म्हणतो, ‘वळलो!’ डोळे म्हणतात, ‘छे, पुस्तक तर जागच्या जागी आहे.’ भांडण वर, शिक्षा पोटाला!

1950च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत अकरा कर्णबधिर पुरुषांना प्रयोगांसाठी निवडलं आणि पुढे त्यांच्यातल्या काहींना खवळलेल्या समुद्रात नेलं. त्यांच्या कानातली तोलाची यंत्रणाच निकामी होती, मग डोळ्यांशी भांडणार कोण? ते मजेत पत्ते खेळत बसले. आजारी पडले ते संशोधक!

1991 मध्ये रिचिओ आणि स्टॉफ्रेगन या शास्त्रज्ञांनी मात्र वेगळंच म्हटलं: भांडणबिंडण काही नाही, नव्या हेलकाव्यांत तोल कसा धरायचा हे शरीराला अजून जमलेलं नसतं, म्हणून मळमळतं. पुढच्या प्रयोगांत दिसलं, की ज्यांना त्रास होणार असतो त्यांचं डोलणं मळमळायच्या आधीच इतरांपेक्षा वेगळं असतं. वाद अजून मिटलेला नाही. मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात.

घाटात ड्रायव्हरकाकांना बघा. वळण येणार हे त्यांना आधीच ठाऊक, म्हणून त्यांचं डोकं वळणाच्या आतल्या बाजूला झुकतं. आपली डोकी मात्र बाहेर फेकली जातात! त्यांना बस सहसा लागत नाही. तेव्हा पुढची सीट पटकवा, पुस्तक मिटा, नजर लांबच्या डोंगरावर ठेवा आणि काकांसारखी मान झुकवून बघा.

पिशवी मात्र जवळ असू द्या. मला विचाराल तर दोन.