व्हार्निश का सुटतं?

बाहेरच्या सागवानी दाराला व्हार्निश मारलं, एक-दोन पावसाळे गेले, की पापुद्रे सुटायला लागतात. जीव मेटाकुटीला येतो! दोष दर वेळी सुताराचा नसतो. पारदर्शक थरातून ऊन खाली पोचतं, लाकडाचा पृष्ठभाग कमकुवत करतं. मग बारीक भेगेतून पाणी शिरतं आणि थराची पकड सुटते. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं फ्रेंच पॉलिश तर बाहेर नकोच, पाणी लागलं की पांढरं पडतं.

खरा वैताग जुना थर काढण्याचा. आधी 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, शेवटी 180, आणि तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. आडवा हात फिरला तर ओरखडे तेव्हा दिसत नाहीत. लाकडाला रंग देणारा स्टेन लावला की गडद होऊन वर येतात, आणि पुन्हा सगळं घासा.

मला विचाराल तर उघड्यावरच्या लाकडाला बेलतेलच (जवसाचं तेल) बरं. ते आत मुरतं, जाड थर धरत नाही, म्हणून त्याचे पापुद्रेही सुटत नाहीत. दरवर्षी पावसाआधी पुन्हा हात द्यावा लागतो, पण खरवडणं वाचतं. फक्त तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर एकेक पसरून वाळवा.